अकरा अळ्या ठणठणीत

६ जुलै

चि. किडूबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू ताईजवळ गेलीस आणि तुझी बरणी माझ्या ओट्यावर आली, त्याला आठ दिवस झाले. अकराही अळ्या ठणठणीत आहेत. परवा त्यांनी तिसरी कात टाकली. डोकी आधी पिवळट दिसली, संध्याकाळपर्यंत पुन्हा काळी झाली. रोज पानं बदलतो, मोजतो, वहीत टिपतो. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, तेव्हा माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. शेजारीणबाई म्हणाल्या, उतारवयात लोक पोपट पाळतात, तुम्ही अळ्या काय पाळता! मी म्हटलं, या उलटून बोलत नाहीत.

ताई ऑपरेशननंतर कशी आहे ते नीट लिही. मी यायला निघतो म्हटलं, की तू बरणी पुढे करतेस. तिला माझा नमस्कार सांग.

तुझा मामा

१५ जुलै

ती. मामास सा. न. वि. वि.

आई सुधारते आहे. काल दोन घास जास्त गेले. तुझी पत्रं तिला वाचून दाखवते, ‘ठणठणीत’ आलं की ती हसते.

पण तुझ्या बारा तारखेच्या पत्रात अळ्या अजून पानं फस्त करताहेत, हे कसं? तिसऱ्या कातीनंतर चार-पाच दिवसांत त्या खाणं सोडतात, आखडतात आणि मातीत उतरून कोशात जातात. बरणीत चार बोटं माती त्यासाठीच आहे. या भुंगेऱ्याची अळी कशी असते, हे अजून कुणी नोंदलेलं नाही. मातीतून भुंगेरे वर आले, की माझं दोन वर्षांचं काम पुरं होईल. किती जणी खाली गेल्या ते कळव आणि मातीला हात लावू नकोस.

तुझी किडूबाई

१८ जुलै

चि. किडूबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, आता खरं ते सांगतो. आठ तारखेला त्यांनी खाणं सोडलं, दुसऱ्या दिवशी एकही दिसेना. तीन दिवस वाट पाहून मी माती उकरली. पांढुरक्या, वाकड्या, निपचित पडल्या होत्या. मला वाटलं, गेल्या. माती फेकली, बरणी धुतली. तू ताईच्या काळजीत, त्यात ही बातमी कुठे देऊ? मागच्या गल्लीतल्या कुंपणावरून तशाच दिसणाऱ्या अकरा वेचून आणल्या आणि वहीत ‘ठणठणीत’ लिहीत राहिलो.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई फिरवली आणि स्वतःची चूक झाकली. बारा तारखेपासून वही खोटी आहे, त्यातलं एक अक्षरही कुठे देऊ नकोस. मला फार लाज वाटते आहे. हवी तेवढी रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा मामा

२१ जुलै

ती. मामास सा. न. वि. वि.

राग आला. पुढच्या वर्षापर्यंत या भुंगेऱ्याची अंडी मिळणार नाहीत. मग आठवलं, माती कशासाठी ते निघायच्या गडबडीत मी तुला सांगितलंच नव्हतं. तेव्हा अर्धी चूक माझी. कुंपणावरच्या पाहुण्या परत सोडून दे.

तू खरं लिहिलंस, आता मलाही लिहायला हवं. आई सुधारत नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करता पुन्हा शिवलं. दोन घास जास्त गेले, हे मी मनचं लिहिलं होतं. गेले चार दिवस तिनं अन्न सोडलं आहे. अळीनं खाणं सोडलं, तर पुढे काहीतरी असतं. इथे तसं नाही, मामा.

बरणीचं निमित्त तिचंच. तू समोर बसून रडशील आणि तिला ते बघवणार नाही, म्हणून तुला तिकडेच अडकवून ठेव, असं तिनं मला बजावलं होतं. काल तुझं पत्र तिला सगळं वाचून दाखवलं. कुंपणावरून अळ्या वेचणारा तू डोळ्यांपुढे आलास, तशी ती खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली की आता बरणी रिकामीच आहे, तर त्याला ये म्हणावं. रडला तरी चालेल.

मिळेल त्या गाडीनं ये. लोभ आहेच.

तुझी किडूबाई