दुधिवरे खिंडीतलं उजवं वळण

नवलाख उंबरे,
सोमवार, १९ जानेवारी

प्रिय विक्की,

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडणार होते, पण नवा कागद घेण्याइतकी तुझी किंमत वाटली नाही, म्हणून राहू दिला.

माझं उजव्या खांद्याचं हाड जुळलंय. डॉक्टरांनी झोळी काढली, आणि गेल्या आठवड्यापासून कंपनीत क्वालिटीच्या टेबलावर परत बसतेय. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आई अजून रोज तुझ्याबद्दल विचारते. 'तुंगार्लीचा पोरगा आला न्हाई गं बगाया.' तिला मी सांगते, तो परदेशी टीमच्या लोकांशी बोलण्यात गुंतलाय. ते खोटंही नाही. तुझे फोटो मी पाहिले. नव्या टीमचा शर्ट तुला सैल होतो.

चार वर्षं रॅलीत तू गाडी चालवलीस आणि मी तुझ्या डाव्या सीटवर बसून पुढच्या वळणांच्या नोट्स वाचल्या. पहिल्या वर्षी आपण इंग्रजीत नोट्स लिहायचो, आठवतं? तुला 'राइट' आणि 'लेफ्ट' ऐकून अर्धा क्षण विचार करावा लागायचा, आणि रॅलीत अर्धा क्षण म्हणजे झाडावर गाडी. म्हणून मीच म्हटलं, मराठीत लिहू. डावा चार, पन्नास मीटर, उजवा तीन, आवळतो, कापू नको. आकडा लहान तितकं वळण घट्ट, 'आवळतो' म्हणजे पुढे आणखी घट्ट, 'कापू' म्हणजे आतली कड घे, एवढं साधं. दक्षिणेकडच्या जोड्या हसायच्या. मग आपण त्यांच्या पुढे संपवू लागलो आणि हसणं थांबलं. तेव्हा पत्रकारांना तू सांगायचास, 'आमची भाषा दुसऱ्या कुणाला कळत नाही, हीच आमची ताकद.' तू या वाक्याचा पुढे काय उपयोग करशील, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

आशियाई मालिकेची डांबरी फेरी आपल्या मावळात आली, तेव्हा मी वेडी झाले होते. ज्या रस्त्यावरून मी बाबांच्या मागे लूनावर बसून पवनेला गेले, त्याच रस्त्यावर जपानी, इंडोनेशियन, न्यूझीलंडच्या गाड्या धावणार! तीन दिवस आपण खिंड चढत-उतरत नोट्स केल्या. त्या उजव्या वळणावर तूच गाडी थांबवलीस, उतरलास, आतल्या बाजूची मोरी पायाने चाचपलीस आणि म्हणालास, 'लिही. मोरी आत. कापू नको. खाली दोनदा रेघ मार.' मी मारली. तिथेच कार्ल्याचे अंबाजी आबा भेटले. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मार्शल झालेले, अंगावर नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. 'लय जोरात येनार का तुमी?' त्यांनी विचारलं. तू म्हणालास, 'आबा, तुमी फक्त मानसं मागं ठेवा, बाकी आमी बघतो.'

रविवारी सकाळी, शेवटून दुसऱ्या टप्प्यात, आपण जपानी जोडीच्या चार सेकंद मागे होतो. चार सेकंद भरून काढले असते, तर तिसरा क्रमांक आणि परदेशी टीममधली पुढच्या वर्षीची सीट. खिंडीतून उतरताना तू ब्रेक उशिरा उशिरा लावत होतास, ते मला पोटात जाणवत होतं. तरी मी वाचत राहिले. माझं काम तेवढंच. 'उजवा तीन, आवळतो, मोरी आत, कापू नको.' मी ते वेळेवर वाचलं, स्पष्ट वाचलं, आणि 'नको'वर जोर दिला. तू कापलंस. उजवं चाक मोरीच्या दगडावर चढलं आणि गाडी डावीकडे फेकली गेली, गर्दी अडवायला बांधलेल्या फितीतून आरपार. फितीमागे चिकटलेल्या लोकांना आबा दोन्ही हातांनी ढकलत होते. लोक सरले. आबांना सरायला वेळ मिळाला नाही.

त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू दवाखान्यात माझ्या खाटेशी आलास. सोबत केळी आणि टाइप केलेला एक कागद. गाडीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चौकशी करणाऱ्या पंचांना हवं होतं. तिघांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं, म्हणून भाषांतर जोडायचं होतं, दोघांच्या सहीने. मी वाचलं. सगळं बरोबर होतं. फक्त त्या वळणावर एक शब्द कमी होता. मोरी आत, कापू. तू खुर्ची जवळ ओढून म्हणालास, 'नोट चुकली असं निघालं, तर तुला नुसती ताकीद. मी ऐकलं नाही असं निघालं, तर बंदीत माझी दोन वर्षं जातील. आणि माझी गेली की तुझीही गेली ना गं? ती टीम आपल्या दोघांना घेणार आहे.'

औषधांच्या गुंगीत होते, असं सांगणं सोपं आहे. नव्हते. पूर्ण शुद्धीत, डाव्या हाताने, वेडीवाकडी सही केली. मलाही ती सीट हवी होती. तू मला फसवलंस असं मी कधीच म्हणणार नाही, कारण तसं म्हटलं की मी सुटते.

पंधरा दिवसांनी त्या टीमने तुला घेतलं आणि 'नोट चुकवणारी' नको म्हणून दुसरा नॅव्हिगेटर दिला. मला ते एका बातमीतून कळलं. तू म्हणशील, तेव्हा राग आला म्हणून आता उलटलीस. हो, राग आला. खूप आला. पण नुसत्या रागावर मी घरीच बसले असते.

परवा शनिवारी मी कार्ल्याला गेले. आबा अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, लुंगीची एक बाजू खाली मोकळी. त्यांच्या बायकोने, शकुबाईंनी, पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. आबांनी विचारलं, 'तू वाचताना चुकलीस म्हनत्यात. व्हय का?' मी तांब्या तोंडाला लावला. शकुबाई म्हणाल्या, 'चुकलीस तर चुकले म्हन. हितं मुकी बसाया आलीस का?' तेव्हा मी सांगितलं. बरोबर वाचलं होतं, आणि चुकीचं वाचलं असं मीच सही करून दिलं. शकुबाईंनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि आत निघून गेल्या. आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, 'मी तितंच हुतो. गाडीनं वळनाआदी दम घेतलाच न्हाई, ते मला तवाच कळलं. पर तू हे मला सांगून काय उपेग? जितं सही केलीस, तितं सांग.' मला क्षमा वगैरे काही मिळाली नाही. मागितलीही नाही.

म्हणून हे पत्र. काल मी पंचांना ईमेलने माझा जबाब पाठवला, रेकॉर्डिंगच्या खऱ्या भाषांतरासह. मी खोट्या कागदावर सही केली हेही त्यात आहे, तेव्हा माझं रॅलीचं लायसन्स तुझ्यासोबतच जाईल, कदाचित आधी. आज सकाळीच त्यांचं उत्तर आलं, पुण्यातल्या एका प्राध्यापकांना त्यांनी दुभाषी म्हणून नेमलंय. सुनावणी गुरुवारी अकराला. दुसऱ्या पक्षाला जबाबाची प्रत द्यावी लागते, असा नियम आहे. ती सोबत जोडली आहे, आणि हे पत्र लिहायचं कारण एवढंच. बाकी तू आणि तुझा वकील बघा. फक्त एक. सहा आठवड्यांत आबांच्या घरी तुझा साधा फोन गेलेला नाही. जायचं असेल, तर गुरुवारच्या आधी जा, कुणी तुला पकडलेलं नसताना. नंतर गेलास, तर शकुबाई दार उघडणार नाहीत, आणि उघडा असं मीही त्यांना सांगणार नाही.

यापुढे तुझी कुणीच नसलेली,
चैताली