एकाच फळीच्या दोन पेट्या

३ मार्च
नर्सबाईंची पेटी झाली! वर चिठ्ठीपुरती फट ठेवली. दर गुरुवारी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत त्या आपल्या पोरापोरींना वयात येण्याचं सगळं शिकवतात — आपल्या भाषेत. शाळेतही शिकवतात म्हणे, पण इथल्या लोकांच्या भाषेत; आणि तिथे आपली मुलं मूठभर, मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी. तोंडाने विचारायची लाज वाटली तर पेटीत चिठ्ठी टाकायची, नाव न घालता.
प्रार्थनाघर चालवणाऱ्या थोरल्यांना पेटी आवडली. "प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांनाही अशीच एक कर." वर्गाबद्दल मात्र कपाळाला आठी. "पंधरा तारखेच्या रविवारी ठरवू, चालू ठेवायचा की नाही."

५ मार्च
ठमी तेरा वर्षांची झाली. तिची आई जाऊन चार वर्षं. पोरीला पाळी आली तर मी काय करणार? दाराची चौकट बसत नसेल तर मला विचारा, सुतार आहे मी. हे मी कुणाला विचारू? आणि वर्गच बंद झाला तर तिने तरी कुणाकडे जायचं?

१३ मार्च
दुसरी पेटी त्याच फळीतून काढली. जुळ्या बहिणी! एक सभागृहात लावली, एक मागच्या खोलीत.
निघताना कुणी नाही असं बघून नर्सबाईंच्या पेटीत चिठ्ठी टाकली.

१४ मार्च
प्रार्थनाघराच्या भिंतींना रंग दिला. पेट्या उतरवल्या, वाळल्यावर पुन्हा लावल्या.

१५ मार्च
देवा रे!
प्रार्थनेनंतर थोरल्यांनी सभागृहातली पेटी उघडली. पहिली चिठ्ठी उलगडून मोठ्याने वाचली — "मुलीला आई नाही. पाळी येण्याआधी बापाने घरात काय आणून ठेवावं? तिला काय सांगावं?"
माझी चिठ्ठी! पेट्यांची अदलाबदल मीच करून बसलो होतो.
मागे कुणीतरी फिसकन हसलं. "कुणाची ही?" थोरल्यांनी विचारलं. देवाच्या घरात गप्प बसवेना. उठलो.
थोरल्यांनी चष्मा काढला. पुसला.
"आम्हालाही आई नव्हती," म्हणाले. "बहीण दोन दिवस गोठ्यात लपून बसली. आपण मरतोय असं वाटलं तिला. बाप बाहेर उभा राहून नुसता रडत होता." मग वळून, "नर्सबाई, पुढे या. इथेच सांगा. सगळ्या बापांना ऐकू दे."
त्या बोलल्या, छान सावकाश. कुणी उठून गेलं नाही.
"वर्ग चालू राहील," थोरले म्हणाले. "आणि बापांनीही बसायचं. ही चिठ्ठी प्रार्थनाच होती."
घरी येताना इतकं हलकं वाटत होतं!

१९ मार्च
वर्गात अकरा बाप! मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकलेले. पोरं तोंड दाबून हसत होती. नर्सबाईंच्या पेटीत निघालं काय — "सासूबाईंचा खोकला थांबू दे." म्हणाल्या, "यावर माझ्याकडे औषध आहे!" थोरलेसुद्धा हसले.

२० मार्च
पॅडचा पुडा आणून कपाटात ठेवला. चार वाक्यं पाठ केली. ठमीला बोलावलं. दुसऱ्या वाक्यालाच अडखळलो.
"बाबा," ती म्हणाली, "मला येऊन चार महिने झाले. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. नर्सबाईंनी शिकवलं सगळं."
मग पुडा उलटसुलट करून पाहिला. "हा मोठ्या बायकांचा आहे. पुढच्या वेळी मला बरोबर न्या."