मावशीच्या नावाचा लघुग्रह

प्रिय मावशी,

हे पत्र मी इतक्यात टाकणार नाही. मी शोधलेल्या लघुग्रहासाठी सुचवलेलं नाव समितीने जाहीर करेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असा दंडक आहे. आणि तू तर गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सगळ्या गल्लीला सांगशील.

शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं, म्हणून मी तुझं दिलंय. खरं नाव नव्हे, तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पाटीवरचं, 'छबूताई'. हेच नाव का, तेही थोडक्यात लिहावं लागतं. तुझं कर्तृत्व काय सांगावं, मला सुचेना. शेवटी लिहिलं, 'रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड दुर्बिणीवर येऊ नये, म्हणून हिने शाळकरी भाचीला गच्चीसाठी काळे पडदे शिवून दिले.' शिवताना तू "तारे मोजून पोट भरतं का?" असं सारखं म्हणत होतीस, ते गाळलं.

आता एकच धास्ती आहे. हा लघुग्रह नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि तू म्हणणार, "मग काय कामाचा?" माझं उत्तर तयार आहे. तूच शिकवलंयस, दिसली तर ती तुरपाई कसली.

तुझी,
अजूनही सरळ टीप न येणारी भाची