डाव्या डोळ्याचा चार्ट

९ जुलै, मंगळवार

मास्टरजींनी आज परत सगळं घडाघडा वाचलं! डाव्या डोळ्याने, पार खालून तिसरी ओळ. आणि त्याच डोळ्याच्या स्कॅनमध्ये पडद्यावर सूज ही एवढी! मला तर काही कळेनासंच झालंय.

हरबन्स लाल, पिंजौरचे निवृत्त गणिताचे मास्तर, वीस वर्षांची शुगर. मधुमेहात पडद्याला जी सूज येते, तिच्यावरच्या नव्या गोळीचा अभ्यास चाललाय आमच्याकडे. नजर दोन ओळी उतरली की गोळीवर न थांबता डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, हा नियम. यांची उतरतच नाही! अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर ग्रेवाल मॅडम हवेत. "निशिगंधा, ऐसा केस दस साल में एक आता है." मुंबईच्या परिषदेत मांडणार. माझंही नाव घालणार म्हणाल्या.

११ जुलै

घरात तीनदा सांगून झालं. अश्लेषा म्हणाली, "मम्मा, पता है, आपका नाम छपेगा." कार्टी.

पण का सांगू नये? अकरा वर्षं शिशिरच्या एअर फोर्सच्या मागे ट्रंका घेऊन फिरले. जोधपूरला चष्म्याच्या दुकानात, तेजपूरला नुसती घरात, बिदरला परत दुकानात. ऑप्टोमेट्रीची डिग्री ट्रंकेच्या तळाशी. चंदीगडला आल्यावर कुठे धड काम मिळालं. नजर मोजते, आकडा भरते, त्या आकड्यावर डॉक्टर निर्णय घेतात. मला हे काम फार फार आवडतं.

१५ जुलै

आज एक विचित्रच. फोटो छापायच्या परवानगीवर मास्टरजींची सही हवी होती. डावा तपासायचा म्हणून त्यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती, मी तसाच कागद पुढे केला. सही कागदावर नाहीच — टेबलावर! दोघंही हसलो. "मास्टरजी, टेबल को भी पास कर दिया?" मी म्हटलं.

झिरकपूरच्या जॅममध्ये पाऊण तास अडकले आणि हसू जिरलं. बारीक अक्षरं वाचणाऱ्या माणसाला हातभरावरचा कागद दिसू नये?

१६ जुलै

कळलं. माझी अक्कल शेण खायला गेली होती!

दोन डोळ्यांना दोन वेगळे चार्ट लावायचे असतात. पहिल्या डोळ्याने वाचलेलं दुसऱ्याच्या वेळी आठवू नये म्हणून. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा धडा. डाव्या डोळ्याचा चार्ट मार्चमध्ये तडकला. नवा मागवला, आज येतो, उद्या येतो. तोवर मी दोन्ही डोळ्यांना उजव्याचाच लावला. आणि संगणकावर "चार्ट २" अशी खूण केली, कारण त्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नाही.

त्यांचा उजवा डोळा ठणठणीत. उजव्याने वाचायचं, लगेच डाव्याच्या वेळी तेच म्हणायचं. चमत्कार कसला! माझा आळस होता तो.

१७ जुलै

आमटीत मीठ दोनदा. शिशिरने पाणी ओतून खाल्ली.

१८ जुलै, गुरुवार

काहीतरी निमित्त काढून मास्टरजींना बोलावलं. बाजूच्या ओपीडीतून वेगळा चार्ट मागून आणला. उजवा — छान. डावा — वरून दुसऱ्याच ओळीला थांबले.

"ये तो नया है जी."

मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणाले, "आँख में सुई! मैंने सारी उम्र बच्चों को नकल करने पर पीटा है, बेटा. पर सुई से डर गया."

मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं. चार्ट तडकल्याचं, खोट्या खुणेचं, सगळं. ते एवढंच म्हणाले, "आपकी नौकरी पर तो आँच नहीं आएगी?" अहो, डोळा तुमचा जातोय!

ड्युटीवरच्या डॉक्टरांना नवा आकडा दाखवला. इंजेक्शन आजच झालं. त्यांचा हात मी धरला होता.

१९ जुलै

पत्र लिहिलं. एथिक्स कमिटीला, प्रत ग्रेवाल मॅडमना. पर्समध्ये आहे. मॅडम दिल्लीला, सोमवारी येतील.

शिशिर म्हणतो, "अगं, त्यांना इंजेक्शन मिळालं ना? मग विषय संपला. पुढच्या मार्चमध्ये दुसरीकडे पोस्टिंग येईलच. उगाच कशाला धोंडा पाडून घेतेस पायावर?" तो वाईट माणूस नाही. मलाही तेच ऐकायचं होतं, हे जास्त वाईट.

२२ जुलै, सोमवार

पत्र पर्समधून काढायच्या आधीच मॅडमनी एक कागद पुढे टाकला. मास्टरजी सकाळी पहिल्या बसने येऊन देऊन गेले. सुरेख अक्षर. लिहिलेलं — दोन्ही चार्टांवरची अक्षरं मी चोरून पाठ केली. निशिगंधा मॅडमनी दर वेळी चार्ट बदलला होता. त्यांचा काही दोष नाही. खाली सही, या वेळी अगदी कागदावर.

नकलेवरून आयुष्यभर पोरं बडवणारा माणूस माझ्यासाठी खोटं लिहून गेला!

"बेचारा. पेपर तो गया," मॅडम म्हणाल्या. "चलो, तुम्हारी गलती नहीं थी. मैटर क्लोज़."

मी "जी मॅडम" म्हटलं. म्हटलं मी! इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन दोन समोसे खाल्ले. लाज नाही वाटली. ती नंतर वाटली, बसमध्ये.

२४ जुलै

मैटर क्लोज़ म्हणे. मास्टरजींपुरता असेल. मार्चपासून मी काय एकट्या मास्टरजींना तपासलं? आज सगळ्यांच्या फायली काढल्या. ज्यांचा अभ्यासातला डोळा डावा आणि उजवा चांगला, असे आणखी नऊ. नऊच्या नऊ फायलींवर, पेशंटच्या घरी जाणाऱ्या कार्डावरही, माझ्या हाताने लिहिलंय — नजर स्थिर. इंजेक्शन एकालाही नाही.

चहासुद्धा गेला नाही.

२५ जुलै

पत्र दिलं, नव्याने लिहून, नऊ नावांसकट. मॅडमनी पूर्ण वाचलं. "पता है ना इसका मतलब?" पता आहे. उद्याचा दिवस नोकरीचा शेवटचा. नऊ जणांना फोन करायचं काम मात्र मी मागून घेतलं.

२६ जुलै, शुक्रवार

आठ जण सोमवारी येतायत. नवव्या बाईंचा फोन सुनेने उचलला. "उस आँख से तो माताजी को दो महीने से चेहरे भी नहीं दिखते. हम तो ले आते जी. आपने कार्ड पर लिखा था, ठीक है."