बरणीतल्या अनोळखी वेलीचा ताबा

घडले ते असे.

१. गेल्या वर्षी आमची आत्या वारली. दादाला आणि मला तिनेच वाढवले.

२. तिच्या बागेतल्या बियांच्या आणि शेंगांच्या पुड्या स्वयंपाकघरातल्या कपाटात होत्या. प्रत्येक पुडीवर तिच्या अक्षरात आतल्या बीचे नाव होते.

३. घर रिकामे करताना दादाने सगळ्या पुड्या फोडून एका काचेच्या बरणीत ओतल्या. कागद टाकून दिले.

४. बरणी मी उचलली. दादाशी बोलणे बंद केले.

५. बरणीतली एकेक बी मी ओळखत गेले. एक जात ओळखता आली नाही.

६. माझ्या डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली आहे. सोमवारी, २३ मार्चला, ती काढायची आहे.

७. काल त्या अनोळखी बीला कोंब आला.

सातवी गोष्ट घडली नसती तर हे मृत्युपत्र अर्ध्या पानात आटोपले असते.

मी, खाली सही करणारी, बीज तपासणी प्रयोगशाळेतली तपासनीस, अविवाहित, वय एकतीस, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. डाव्या डोळ्याला कडेचे दिसत नाही, पण कागद आणि त्यावरचा मजकूर मला नीट दिसतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर माझे नाही, भाड्याचे आहे. घरमालकांना खोली रिकामी करून द्यावी आणि सोबत कर्दळीच्या बियांची डबी द्यावी. माझ्या कुंड्यांना ते ‘डासांचे वसतिगृह’ म्हणत आले आहेत. कर्दळीची बी छऱ्यासारखी कडक असते, कानशीने घासल्याशिवाय लवकर उगवत नाही. त्यांनाही कधीतरी कशासाठी तरी घासाघीस करावी लागू दे. भाड्यासाठी त्यांनी माझ्याशी पुरेशी केली आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक वहिनीला. दादाला नको. तो सुतार आहे, त्या पैशांचे लाकूड आणेल.

कलम ३. माझा सूक्ष्मदर्शक आणि चाळण्यांचा संच शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला. बारीक टोकाचा चिमटाही तिलाच. तसाही तो तिच्याच खणात असतो. गेली कित्येक वर्षे ती “अगं, तुझा होता होय?” असे म्हणते आहे. आता तिला खरे बोलता येईल.

कलम ४. ओळखलेल्या बिया, जातीनुसार वेगळ्या केलेल्या, प्रयोगशाळेच्या संग्रहाला. त्या देताना एक नोंदवावेसे वाटते. कामावर आम्ही शेतमालाच्या बिया तपासतो. भेसळ किती, उगवण किती, झाले. बागेतल्या बिया मी कधी भिंगाखाली घेतल्याच नव्हत्या. आत्याच्या दारात वर्षानुवर्षे चिनी गुलाब होता. त्याची बी म्हणजे बोटाला चिकटलेली राख, असेच मी समजत होते. भिंगाखाली ती पोलादी करड्या रंगाची निघाली. तिच्या पाठीवर चांदण्या चांदण्यांत अडकवून बसवल्या होत्या, कुठेही फट नव्हती. मी खुर्ची मागे सरकवली. अबोलीच्या सुक्या शेंगेवर पाण्याचा थेंब सोडला तर ती फटकन फुटून बी समोरच्या भिंतीवर आपटली. एवढी शक्ती त्या वाळक्या शेंगेत साठवून कोणी ठेवली, हे मला शिकवलेल्या शब्दांत सांगता येते. तरी मी दुसरी शेंग आणली आणि पुन्हा थेंब सोडला.

कलम ५. अनोळखी बी. हे कलम लांबेल.

ती संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, गडद तपकिरी. शेंगेला चिकटते तिथला वण घोड्याच्या नालेसारखा. त्यावरून ती गारवेलीच्या कुळातली, एवढे नक्की. पण दोन्ही कडांना रेशमासारखे लांब केस आहेत. आमच्या संग्रहातल्या गारवेलीच्या एकाही भावंडाला तसे नाहीत. प्रयोगशाळाप्रमुखांनी पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले. “मला माहीत नाही,” म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकले.

बरणीत अशा मोजून पाच निघाल्या. बी जिवंत आहे का, हे पाहण्याची आमची एक रीत आहे. ती भिजवायची, उभी चिरायची, द्रावणात ठेवायची. जिवंत भाग लाल होतो. मेलेला पांढराच राहतो. म्हणजे जिवंत आहे हे समजेपर्यंत ती आपण मारलेली असते. मी एक चिरली. संध्याकाळपर्यंत लाल झाली. आत दोन पाने होती, घड्यांवर घड्या घालून कोंबलेली, आणि त्या घड्यांतही शिरा आखलेल्या. कोणी जाणार नाही अशा अंधारात हे सगळे तयार करून ठेवलेले होते. माझ्या नोकरीत मी अशा हजारो बिया चिरल्या आहेत. ही चिरल्यावर मात्र दुसरी चिरायला हात उचलला गेला नाही.

उरलेल्यांचे टरफल पॉलिश पेपरने जरा घासून पेरल्या. पॉलिश पेपर दादाच्या कारखान्यातला होता, पूर्वीचा, खणात पडलेला. दुसरा आणायला वेळ नव्हता. तीन कुजल्या. चौथी काल वर आली. तिची पाने बैलाच्या शिंगांसारखी दुभागलेली आहेत. मूठभर मातीतून बाहेर येताना टोकावर अजून टरफलाची टोपी होती.

आता दादाबद्दल.

पुड्या ओतल्या त्या दिवशी आमचे बोलणे झाले ते असे:

“अगं भिंगबाई, अख्खं कपाट अडवलं होतं! बियाच ना त्या? मातीत टाक, काय आहे ते कळेल.”

“आणि नाही उगवल्या तर?”

“मग कळून तरी काय करायचंय?”

“दादा, ते आत्याचं अक्षर होतं.”

तो झाडू मारत राहिला. मी बरणी घेऊन निघाले. त्यानंतर वहिनी फोन करते, “तो विचारत होता, भिंगबाई जेवते का नीट,” असे सांगते. मी “जेवते” म्हणते. पलीकडे करवत चालू असते, ती माझ्या उत्तरापुरती थांबते. मला हे ऐकू येत नाही, असे त्याला वाटते.

प्रयोगशाळेत एक नियम आहे. नमुना तपासायला घेताना त्यावरचे नाव झाकायचे. नाव आधी वाचले की डोळे तेच पाहतात. आत्याच्या कपाटात ‘माहीत नाही’ अशी एकही पुडी नव्हती. त्या सगळ्या मला लहानपणापासून पाठ आहेत. म्हणजे ही बी कुठल्यातरी ओळखीच्या नावाखालीच पडून होती, बहुधा ‘गारवेल’ या पुडीत. पुड्या तशाच राहिल्या असत्या तर मी घरी आणून नावे वाचली असती, डोळे पुसले असते आणि कपाटात ठेवल्या असत्या. आत्याचे अक्षर कागदाने झाकायचे मला सुचले नसते. दादाने नावे काढून टाकली, म्हणून मला एकेक बी पाहावी लागली.

त्याने हे आमचा नियम माहीत असल्यामुळे केले नाही. कपाट मोकळे करायला केले. अक्षर गेले ते गेलेच, ते मी माफ केलेले नाही. पण ‘मातीत टाक, कळेल’ हे त्याचे उत्तर शास्त्राला धरून होते. वर्षभर मी एका बरोबर उत्तरावर रागावले होते, अशी नोंद इथे करते.

म्हणून, ही वेल, कुंडीसह, दादाला. अटी अशा:

कारखान्याच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवावी. भुसा उडतो तिथे नको. चढायला सुतळी द्यावी. फूल येईपर्यंत तिला कुठलेही नाव देऊ नये, लाडाचेही नाही. या कुळाची फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा कळी दिसली की दुसऱ्या दिवशी लवकर उठावे. तो उठत नाही. वहिनीने उठवावे. शेंगा वेलीवरच वाळू द्याव्यात. अर्ध्या प्रयोगशाळेला, अर्ध्या त्याच्याकडे. पुडीवर फक्त ‘खिडकीतली’ एवढेच लिहावे, आणि स्वतःच्या अक्षरात.

कलम ६. मी वाचले पण डोळा वाचला नाही, तर काय? वकील म्हणाले, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणाले, राहू द्या.

शल्यचिकित्सकांना मी विचारले, “गाठ कसली आहे?” ते म्हणाले, “काढून काचपट्टीवर तपासल्याशिवाय नाव सांगणार नाही.” “अंदाज?” “आहे. पण सांगितला तर तुम्ही तोच धरून बसाल.” त्या क्षणी मी त्यांच्यावर विश्वास टाकला. गाठ दोन्ही डोळ्यांच्या नसा जुळतात तिथे टेकली आहे, म्हणून उजव्या डोळ्याचीही त्यांनी खात्री दिलेली नाही.

दोन्ही डोळे गेले, तर पहिले फूल दादाने मला सांगावे. ‘मस्त आहे’ म्हणून भागणार नाही. नळी किती लांब, तोंड किती रुंद, घसा कुठल्या रंगाचा, कडा सरळ की दातेरी. मापे त्याला घेता येतात. आयुष्यभर दुसरे काय केले आहे त्याने?

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रयोगशाळाप्रमुखांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. दादा आणि वहिनी यांना लाभ मिळत असल्याने त्यांना साक्षीदार केलेले नाही.

हे सारे वाचून, समजून, मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: तपासनीस

साक्षीदार १: शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचे वडील, निवृत्त पोस्टमन. (सही)

साक्षीदार २: तळमजल्यावरच्या घड्याळदुरुस्तीवाल्या काकू. (सही. “इतकं सगळं एका वेलीसाठी?” असे विचारले. कोंब दाखवला. त्यांनी खिशातले भिंग डोळ्याला लावले आणि बराच वेळ काढले नाही.)

स्थळ: राहती खोली, दुसरा मजला
दिनांक: ९ मार्च, सोमवार

प्रत: दादास.

दादा, कलम ५ आणि ६ तुला मान्य आहेत की नाहीत, ते शुक्रवार, २० मार्चपर्यंत कळव. मान्य असेल तर कुंडी न्यायला तू स्वतः ये. वहिनीला पाठवू नकोस.