ढोलकी डाव्या बाजूला

४ फेब्रुवारी

रिमोटवर अडतीस बटणं. आज मोजली. आपल्याला लागतात सहा.

ऋतुजाने नागपूरहून तिचा जुना रिसीव्हर पाठवला, दोन स्पीकर आणि हेडफोनसकट. (यापुढे नुसतं रि. लिहीन.) लेक फोनवर भराभर सांगते आणि मी विसरते, म्हणून इथेच लिहून ठेवते. आधी भिंतीवरचं बटण. लाल दिवा लागला की रिमोटचं पॉवर. मग थांबायचं. डब्याला जागं व्हायला पाचेक सेकंद लागतात. तेवढ्यात परत दाबलं तर तो बंद होतो आणि आपण उगाच त्याला नावं ठेवतो. इन्पुट दाबत यूएसबीपर्यंत यायचं. आवाज अठ्ठावीस. बॅलन्स म्हणजे कोणत्या स्पीकरला किती आवाज, ते शून्यावर, म्हणजे मध्यात. रिमोट डब्याच्या डोळ्यासमोर धरायचा, मधे कोणी उभं राहिलं तर काम नाही.

पेन ड्राइव्हमध्ये जावयाने यांच्या गावच्या नाटकाची जुनी कॅसेट भरून दिली आहे. तेव्हा एक माईक ढोलकीजवळ होता, एक पेटीजवळ. त्यामुळे डाव्या स्पीकरमधून ढोलकी येते, उजव्यातून पेटी. ढोलकीवर हे. बावीस वर्षांचे, अजून वनरक्षक झालेले नव्हते, मीही आयुष्यात आलेली नव्हते. संध्याकाळी बीटवरून, त्यांच्या वाट्याच्या जंगलातून, आले आणि बूट न काढता खुर्चीत बसून अख्खा पहिला अंक ऐकला. डोळे भरले होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१० फेब्रुवारी

बॅलन्स कोणीतरी हलवलाय. डिस्प्लेवर एल ३, म्हणजे डावीकडे तीन घरं. मी मध्यात आणला. संध्याकाळी परत एल ३.

घरात माणसं दोनच. विचारलं तर म्हणाले, "ढोलकी दबून राह्यली. लेकीनं खराब डबा धाडला तुह्या."

मला तर ढोलकी छान ऐकू येते. पण हे स्वतः वाजवणारे, त्यांना जास्त कळणार.

१७ फेब्रुवारी

काल एल ५. मी सकाळी शून्यावर आणते, हे संध्याकाळी डावीकडे नेतात. एक अक्षर कोणी बोलत नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, अशा लढाया आम्हाला नव्या नाहीत. फक्त या वेळी शत्रू एक-एक आकडा पुढे सरकतो आहे. आज शाळेतून आले तर एल ६.

तो डावा स्पीकर एवढा ठणाणतो की माझं डोकं दुखतं. रशीदभाईंना बोलावते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पोंभुर्ण्याहून रशीदभाई आले. मिक्सरपासून माईकपर्यंत तालुक्याचं सगळं तेच दुरुस्त करतात. बॅलन्स आधी मध्यात घेतला. यांना खुर्चीत बसवलं, नाटक लावलं आणि विचारलं, "साहेब, कोण्या बाजूनं कमी?"

हे म्हणाले, डावीकून.

रशीदभाईंनी रि. मागच्या वायरी काढून उलट्या लावल्या. आता ढोलकी उजव्या स्पीकरमधून, पेटी डाव्यातून. "आता?"

"आता ढोलकी बराबर. पेटी दबली."

मग वायरी तशाच ठेवून स्पीकर उचलले, हा तिथे, तो इथे. "आता?"

"तसंच. डावीच कमी."

रशीदभाईंनी पेचकस खिशात घातला. मग हळूच म्हणाले, "खुर्ची उलटी फिरवून बसता का जरा? भिंतीकडं तोंड करून."

हे उठले. "गाडी पाहतो, सकाळपासून चालू होऊन नाई राह्यली," म्हणत बाहेर गेले. गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू झाली होती, मी अंगणातच होते.

सगळं होतं तसं जोडताना रशीदभाई माझ्याकडे न बघता बोलले, "बाई, मशीनमंदी काहीच खराबी नाई. वायर बदलली, स्पीकर बदलला, तरी डावी बाजू कमीच. आता बदलायचा राह्यला तो बसणारा माणूस. साहेबायचा कान दाखवा कुठी." चहा अर्धा ठेवून गेले.

२२ फेब्रुवारी

स्वयंपाकघर यांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला आहे. मी तिथून हाक मारते, हे ओ देत नाहीत, मी चिडते. वर्षभर चिडते आहे. जेवताना हल्ली ते पाट फिरवून बसतात, मला वाटायचं खिडकीचा वारा हवा असेल.

मागच्या साली गावात गोठ्यात बिबट्या शिरला होता तेव्हा गर्दीतल्या कोण्या शहाण्याने सुतळी बॉम्ब पेटवून फेकला, तो यांच्या कानाशी फुटला. "दोन दिवस शिटी वाजली, आता गेली," असं म्हणाले होते. मी विश्वास ठेवला. वर्गातल्या पोराला फळा दिसत नाही हे मला आठवड्यात कळतं. आणि घरात हे. लाज वाटते स्वतःची.

नुसती शिटी गेली नसणार. सोबत सगळंच गेलं असणार.

२५ फेब्रुवारी

केलं ते चांगलं केलं नाही. पण केलं.

आधी मी स्वतः हेडफोन लावून पाहिले. रिमोटने बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, एल १०. उजवा कान एकदम मुका. डाव्यात नुसती ढोलकी, इतकी जवळ की बोटं दिसावीत. पेटी नावालाही नाही.

मग यांना म्हटलं, हेडफोननं ऐकून पाहा, साफ येते. बसले. मीच कानांवर चढवले, डावा डाव्यावर, नीट बघून. नाटक लावलं. आवाज पस्तीस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पण पाहात होते.

"कसं आहे?"

"मस्त," हे म्हणाले. "पेटी बी छान येऊन राह्यली."

आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. ठेका चुकला नव्हता, पाठच आहे तो. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. स्वयंपाक उरकून बाहेर आले तेव्हा नाटक कधीच संपलं होतं, डिस्प्लेवर काहीच चालू नव्हतं, आणि यांची बोटं चालू होती.

१ मार्च, रविवार

सोमाभाऊ आले होते. यांच्या बीटवरचे वनमजूर, अठरा वर्षं दोघं जोडीने पायी फिरतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन ९ तारखेला ठरलं ते सांगायला आले. महिनाभर त्यांना जंगल बंद.

हे आंघोळीला गेलेले. मी सरळ विचारलं, भाऊ, गार्डसाहेबायचा कान कसा आहे?

सोमाभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दिवाळीपासून मालूम आहे बाई. डावीकून वाघाले पाहून चितळ बोंबलून राह्यलं होतं, अन् साहेब सरळ चालले. म्या हात धरून थांबोलं. तवापासून म्या डावीकूनच चालतो. काही आयकू आलं त काठी त्यायच्या बुटाले लावतो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"मले बी दूरचं दिसत नाई ना बाई. ते पाहतेत, म्या आयकतो. चालून राह्यलं होतं."

दोन म्हातारे मिळून एक माणूस करून वाघाच्या जंगलात फिरत होते आणि दोघांच्या घरच्यांना पत्ता नाही. रागवावं की त्यांच्या पाया पडावं कळेना. सोमाभाऊंना लाडू बांधून दिले.

३ मार्च

आज यांच्याशी बोलले. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

"तुले कोणी सांगतलं? सोमानं?"

"तुमी सांगतलं. पेटी छान येऊन राह्यली म्हणून. तवा पेटी बंद होती. म्या रिमोटनं बंद केली होती."

मग म्हणाले, "वरच्या साहेबाले कळलं की डेपोत बसवतीन मले. लाकडावर नंबर टाकत. तीस वर्षं जंगलात काढली म्या, आता ताडपत्रीखाली बसू?"

मी यांना डेपोत बसलेलं पाहू शकणार नाही, हे खरं आहे. कोमेजतील. बीटवर पिलं घेऊन वाघीण उतरली आहे, पाणवठ्यापाशी रोज पंजे दिसतात, हेही खरं आहे. आणि थोड्या दिवसांत मोहाची फुलं गळायला लागतील, बायका टोपल्या घेऊन उजाडायच्या आधी आत जातील, आणि गार्ड म्हणाला पुढे काही नाही, तर त्या पुढे जातील. हे सगळं मी त्यांना म्हटलं. ते उठून रि. पाशी गेले, पॉवर दाबलं, पाच सेकंद न थांबता परत दाबलं. डबा बंद पडला.

जेवले नाहीत. मी जेवले. उद्या शाळा आहे.

७ मार्च

सोमाभाऊंच्या जागी यांच्यासोबत चालायला नवी वनरक्षक आली आहे. पल्लवी. चोवीस वर्षांची, बुलढाण्याकडची, कापसाच्या रानात वाढलेली. जंगल म्हणजे तिला ट्रेनिंगमध्ये दाखवलं तेवढंच. चहाला बोलावलं. वर्दीला कडक इस्त्री, बुटांना अजून घड्या पडलेल्या नाहीत.

"ऑफिसात सगळे सांगतात, सरांना पान हललेलं ऐकू येतं," ती मला म्हणाली. "म्हणून मला काही भीती नाही वाटत, काकू."

ती यांच्या डाव्या हाताला बसली होती. "सर, सोमवारी मी किती वाजता येऊ?"

"हो," हे म्हणाले.

ती हसली, तिला वाटलं सर चेष्टा करतात. मी म्हटलं, सहाला ये.

ती गेल्यावर कप मी विसळले. यांचा कप भरलेलाच होता.

८ मार्च

सकाळी म्हटलं, साहेबाचं मग पाहू. आधी त्या पोरीले सांगा. तिच्या आईनं तिले कोणाच्या भरवशावर धाडली?

हे बुटांना पॉलिश करत राहिले.

दुपारी परत. "तुमी नाई सांगतलं त मी सांगन."

"कवा?"

"उद्या. ती फाटकात आली की."

"उद्याचा दिवस मले दे," हे म्हणाले. सत्तावीस वर्षांत यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. साधा रुमाल स्वतः शोधतात.

दिला. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. दुसऱ्याच्या लेकीचा दिवस होता तो, माझा नव्हता. ऋतुजाचा फोन आला, रि. कसा चाललाय विचारत होती. चांगला चाललाय म्हटलं.

९ मार्च, सोमवार

पाच वाजता उठून पाहते तर हे वर्दी घालून खुर्चीत. रि. चालू, कानांवर हेडफोन, हातात रिमोट. डिस्प्लेवर एल ९.

मला पाहून रिमोट पुढे केला. "मधात कर."

मी दाबत गेले. आठ, सात, सहा. प्रत्येक आकड्याला त्यांच्या तोंडाकडे पाहात होते. शून्यावर थांबले.

"फक्त पेटी," हे म्हणाले. "ढोलकी कुठीच नाई."

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते, उजवीकडे आले आणि कानावरचा हेडफोन जरा सरकवला. म्हटलं, तुमी वाजवली तर छानच होती. ते म्हणाले, "होय. माहीत आहे." हेडफोन काढून खुर्चीच्या हातावर ठेवले, बंद करायला विसरले, काठी घेतली.

सहाला पल्लवी आली. फाटकात मी गप्प बसले. शब्द दिला होता. तिच्या बाटलीत पाणी भरून दिलं, तिने थँक्यू काकू म्हटलं.

दोघं निघाले. ती यांच्या उजव्या हाताला. नुकतं दिसायला लागलं होतं. नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, हे थांबले, तीही थांबली. यांनी काहीतरी सांगितलं, थोडं लांबलं ते. हात वर केला, कानाकडे की जंगलाकडे ते इथून कळलं नाही. तिने मान हलवली. माझे दोन्ही कान शाबूत आहेत, तरी एक शब्द ऐकू आला नाही.

रपट्यापुढे पायवाट एका माणसापुरती आहे. हे पुढे, ती मागे. बांबूत शिरेपर्यंत तेवढंच दिसत होतं.

सकाळची फेरी करून साडेदहाला येतात ते. माझी शाळा साडेसातची, निघायला हवं. हेडफोन खुर्चीवर तसेच आहेत, त्यातून बारीक ढोलकी येते आहे. बंद केलेली नाही.