त्र्याऐंशी सालची गाडी

नेपरव्हिल,
१२ नोव्हेंबर १९८३

ती. श्रीरामदादास,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग पुढे वाच. आपल्या विनीताने मेडिकल कॉलेज सोडलं! सोडून तीन महिने झाले आणि आम्हा आईबापांना परवा कळतंय. पोरगी इथल्याच एका गॅरेजमध्ये कॉर्व्हेट नावाच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करते. हे ऐकलं तेव्हा माझी पोळी तव्यावरच जळाली. वर स्वतःसाठी एक त्रेसष्ट सालची मोडकी गाडी आणून तिने आमच्या दारात उभी केली आहे. तिच्या मागच्या काचेचे मधोमध दोन भाग. मागचं दिसायचं कसं, देव जाणे.

ह्यांचं तर अवसानच गळालं. वर्ष वाया घालवलंस, एवढंच म्हणाले आणि लेकीशी बोलणं बंद केलं. महाराष्ट्र मंडळात मात्र कोणी विचारलं की मुलगी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून ठोकून देतात. विनीता मला इंग्रजीत समजावते की डॅडना थोडा टाइम दे. एका घरात दोघं अशी मुकी. मला नाही रे सहन होत. ह्यांना तुझा शब्द पटतो. काहीतरी लिही.

पद्मिनीवहिनींना नमस्कार. ह्या धाकट्या बहिणीवरचा लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
सुलेखा

सांता क्लारा,
२७ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. सुलेखास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मीही हादरलो. वहिनीने ते माझ्याकडून ओढून घेतलं आणि दोनदा वाचलं. लहानपणी शिलाई मशीन उघडून ठेवणाऱ्या मावशीची भाची आहे, हे तू विसरलीस वाटतं. आपल्या अंजनाचंच वळण!

ऑफिसात ह्या गाडीचा एक वेडा आहे, त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. त्रेपन्न साली पहिल्या गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या. दिसायला झकास, पळायला बेताच्या. पुढे इंजिन दमदार झालं. त्रेसष्टला तुमच्या दारातला अवतार आला. ती दुभंगलेली काच पुढच्याच वर्षी गेली. अडुसष्टला पुन्हा नवं रूप. अंगाला पत्रा मात्र कधीच नव्हता, सगळं फायबरग्लास, म्हणजे काचेच्या तंतूंचं प्लास्टिक.

आता हे पुरुषोत्तमरावांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखव. त्र्याऐंशी सालची कॉर्व्हेट विक्रीला आलीच नाही. नवी गाडी वेळेत होईना, तेव्हा कंपनीने ते सालच सोडलं आणि एकदम चौऱ्याऐंशीचं मॉडेल आणलं. म्हणून कोणी कंपनीशी अबोला धरला नाही.

विनीताला जवळ घे. दोघांची खुशाली कळवत राहा.

तुझा,
दादा

नेपरव्हिल,
२० मे १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काय सांगू आणि कसं सांगू! तुझं पत्र ऐकून हे हूं की चूं करेनात. पण गेल्या रविवारी विनीताची गाडी रंगून तयार झाली, आणि हे आपण होऊन ताम्हन, कुंकू, नारळ घेऊन बाहेर आले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नागपूरला ह्यांच्या वडिलांच्या जीपवर फोडत, तसा नारळ गाडीच्या नाकावर हाणला. नारळ फुटला नाही. गाडी फुटली.

फायबरग्लासची ती ओळ टेक्निकल म्हणून मी वाचताना गाळली होती, दादा! ह्यांचा चेहरा पांढराफटक. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा लेकीशी बोलले: हे कसं सांधायचं, मला शिकव. तिने स्वतःचे हातमोजे पुढे केले. ह्यांनी हट्टाने नाही घातले, आणि आठवडाभर शेजारी बसून घासकाम केलं. त्या काचेच्या कुसळांनी हातांवर हे एवढं पुरळ!

काल मंडळात सरलाताईंनी ते पाहिलं आणि विचारलं, डॉक्टर लेकीला दाखवलंत का. हे शांतपणे म्हणाले की तिच्याच हाताखाली काम करताना उठलंय. ती डॉक्टर होत नाही, गाड्या बांधते. सरलाताई हळहळल्या की पोरीचं एक वर्ष गेलं. तर हे म्हणाले, त्र्याऐंशी साल ना? ते कॉर्व्हेटचंही गेलं.

तुम्हा दोघांची माया अशीच राहो.

तुझी,
सुलेखा